प्रत्येक ओळीपुढे माझं नाव

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक सोय आहे. प्रोग्रॅमची कुठलीही ओळ घ्या, तिला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव तिच्या डाव्या बाजूला दिसतं. एकाच कामावर वर्षानुवर्षं अनेक माणसं खपत असतात, तेव्हा कोणी काय केलं ते कळावं म्हणून ही सोय. इंग्रजीत तिला सरळ 'ब्लेम' म्हणतात. हे बारसं करणारा माणूस पुण्याचा नसावा, पण शोभला असता.

या सोयीने माझं वाटोळं केलं. आता मुलगी कॉलेजात जाते, मी त्या कंपनीतून कधीच बाहेर पडले, तरी त्या दिवसांची आठवण निघाली की माझा आवाज चढतो. झालं गेलं विसरून जावं, असं मला पुष्कळांनी सांगितलंय. त्यातल्या कोणाचंही नाव त्या ओळींपुढे नव्हतं.

आमचं ऑफिस येरवड्यात होतं. 'येरवड्याला असते' असं सांगितलं की शनिवार पेठेतले आमचे शेजारी 'आत की बाहेर?' असं विचारून स्वतःच हसायचे. तुरुंगाचा विनोद कोणी नवा केल्याचं मला आठवत नाही. पण तेव्हा नदीपलीकडे भराभर काचेच्या इमारती उठत होत्या, कंपन्यांच्या बसेस सकाळी चौकाचौकातून माणसं गोळा करत होत्या, आणि प्रत्येक घरातलं एक तरी पोर परदेशी जाऊन आलेलं किंवा व्हिसाची वाट बघत बसलेलं असायचं. मी गेले नव्हते. मी इथेच बसून एका परदेशी माल वाहतूक कंपनीचा प्रोग्रॅम सांभाळत होते. कुठला खोका कुठल्या ट्रकमध्ये चढला, कुठे उतरला, कोणी ताब्यात घेतला, हे सगळं तो प्रोग्रॅम बघायचा. तो लिहायला सुरुवात झाली तेव्हापासून मी त्यावर होते. माणसं आली, परदेशी गेली, जास्त पगारावर उडाली. मी राहिले.

बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी मॅनेजरनी मला बोलावलं. गृहस्थ पेठेतलेच, बोलणं मोजकं आणि ईमेल त्याहून मोजकी. म्हणाले, "अहो, पुढच्या वर्षी टीम लीड आपणच. निवांत जा, निवांत या. खुर्ची कुठे जात नाही."

टीम लीड म्हणजे काही राजगादी नव्हे. पण मला ती हवी होती, आणि हवी होती हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. आमच्या मजल्यावर बाळंतपणानंतर परत आलेल्या बायका हळूहळू बाजूला सरकवल्या जायच्या आणि मग एक दिवस 'घरी गरज आहे' असं सांगून निघून जायच्या. मला निघून जायचं नव्हतं. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांना सकाळचं फिरणं आणि दुपारची झोप सोडून नात सांभाळायची मुळीच हौस नव्हती. त्या तयार झाल्या ते एकाच बोलीवर. "नुसती नोकरी करायची असेल तर घरी बस," त्या म्हणाल्या होत्या. "काही होणार असशील तर जा."

परत आले तर पाण्याच्या पिंपाशेजारच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही लावलेला. त्यावर आमच्या प्रोग्रॅमचं प्रगतिपुस्तक. मी रजेवर असताना एक तपासणीचं टूल विकत घेतलं होतं. ते सगळा कोड वाचायचं आणि चुका काढायचं: ओळ फार लांब आहे, कंस चुकीच्या जागी आहे, तोच मजकूर दुसरीकडेही आहे, इथे काही बिघडलं तर लॉगमध्ये नोंद होणार नाही. लॉग म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच्या कामाची लिहीत ठेवलेली रोजनिशी. काही मोडलं की आम्ही पहिल्यांदा ती उघडायचो. चुका जास्त असतील तर टीव्ही लाल, कमी असतील तर पिवळा, आणि हिरवा मी तरी कधी पाहिला नाही. आम्ही लालभडक होतो. करार पुढे चालवायचा तर निदान पिवळे व्हा, असं क्लायंटने कळवलं होतं.

मॅनेजरनी हिशेब मांडला तो असा. टूलच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी दिसण्याच्या होत्या. कोणी चार जागा सोडून लिहितो, कोणी दोन, कोणाच्या ओळी पानाबाहेर पळतात. या सगळ्या एका दमात दुरुस्त करणारं दुसरं टूल असतं. ते फिरवलं की आकडा धाडकन खाली येणार. खऱ्या चुका नंतर बघू. आणि हे काम कोणाला द्यायचं? जी बाई नुकतीच बाळंतपणावरून आली आहे, जिला संध्याकाळी वेळेवर निघावं लागतं, तिला.

"जरा झाडलोट करून घ्या," ते म्हणाले. "दगदग नाही यात."

मी केली. नुसतं बटण दाबून नाही केली. त्या टूलच्या नादी लागून चालता प्रोग्रॅम बंद पडल्याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. म्हणून एकेक भाग घेऊन, फिरवून, तपासून, पुन्हा चालवून बघत मी कित्येक आठवडे त्या अख्ख्या कोडवरून हात फिरवला. काही मोडलं नाही. टीव्ही पिवळा झाला. मॅनेजरनी 'उत्तम' अशी एका शब्दाची ईमेल पाठवली, जी त्यांच्या मानाने पाल्हाळच होती. करार पुढे सरकला. मजल्यावर सगळ्यांना सामोसे मिळाले.

माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा, मुलगा म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. वर्ध्याकडचा. बोलायला गोड, हाताने भलताच वेगवान, दिवाळीहून येताना संत्र्याची बर्फी आणून सगळ्यांच्या टेबलावर ठेवणारा. मी आठवडाभर विचार करून जे लिहीन ते तो जेवणाच्या सुट्टीआधी लिहून मोकळा व्हायचा. त्याने काय लिहिलंय हे नंतर बघायला गेलं की पोटात गोळा यायचा, ही गोष्ट वेगळी. पण क्लायंटला तारखा कळतात, पोटातले गोळे कळत नाहीत. मी झाडलोट करत होते तेव्हा तो खुर्ची वळवून म्हणायचा, "ताई, काहून एवढं बारीक पाहून राहिल्या जी तुम्ही? टूल करते नं सारं." मी हसायचे. आम्ही डबे एकत्र खायचो. त्याच्याशी माझं कधी भांडण झालेलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

आता यात काय घडलं होतं, ते एव्हाना कोणाच्याही लक्षात यावं. आमच्या कोणाच्याच आलं नाही. कोडची प्रत्येक ओळ मी चार जागा उजवीकडे सरकवली होती. म्हणजे प्रत्येक ओळीला शेवटचा हात माझा. म्हणजे प्रत्येक ओळीपुढे माझं नाव.

पहिल्यांदा कळलं ते ईमेलमुळे. कंपनीने एक नवी व्यवस्था लावली. प्रोग्रॅमने लॉगमध्ये बिघाड नोंदवला की व्यवस्था ती ओळ शोधायची, ओळीपुढचं नाव शोधायची, आणि त्या माणसाला आपोआप ईमेल पाठवायची. 'आपल्या कोडमध्ये बिघाड आढळला आहे. कृपया लक्ष द्यावे.' पहिल्या सकाळी माझी पेटी या ईमेलनी भरून गेली. मी मुकाट्याने एकेक बिघाड त्याच्या खऱ्या धन्याकडे पाठवू लागले. सुरुवातीला लोक हसून घ्यायचे. मग 'अगं, तूच बघ ना, तुला सगळंच माहीत आहे' असं सुरू झालं. मग उत्तरं यायची बंद झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाला फाशीचा दोरही स्वतःच वळायला सांगितला होता. शेवटी मीच दुरुस्त करायला लागले. ट्रक तिकडे रस्त्यावर उभे असायचे, कोणीतरी करायला हवंच होतं.

हेही मी सोसलं असतं. पण वर्षअखेरीला कामाच्या मूल्यमापनात 'माणसागणिक चुका' असा तक्ता आला. तपासणीचं टूल तो आपणहून काढून द्यायचं. प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी. बाकीच्यांच्या पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या. माझी पट्टी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, आणि संपते तिथे बाण, म्हणजे पुढेही आहे. शेजारच्या माझ्या वेगवान मित्राची पट्टी दिसतच नव्हती. त्याच्या सगळ्या ओळी माझ्या झाल्या होत्या.

मी मॅनेजरकडे गेले. नुसतं बोलायला नाही गेले. साफसफाईच्या आधीचा कोड मशीनवर होताच, तो गेला नव्हता. मी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून छापून नेला. ही ओळ कोणाची होती, बघा. ही कोणाची, बघा. इथे फक्त जागा बदलली आहे, अक्षर बदललेलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सगळं वाचलं. मन लावून वाचलं, मी खोटं बोलणार नाही.

"बरोबर आहे आपलं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? आपलं नाव काढायचं तर ती साफसफाई उलटवायला हवी. साफसफाई उलटवली की टीव्ही लाल. करार झालाय तो पिवळ्यावर."

"उलटवू नका. फक्त वर दोन ओळी कळवा की हा तक्ता माझ्या बाबतीत धरू नये, आणि का धरू नये."

त्यांनी माझे कागद नीट जुळवून माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "अहो, ते कळवायचं म्हणजे आपण करार नुसत्या रंगरंगोटीवर मिळवला हेही लेखी द्यायचं. लिहिलेलं राहतं हो."

आयुष्यभर तीन शब्दांच्या ईमेल लिहिणाऱ्या माणसाने आपल्या धोरणाचं मर्मच सांगितलं होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर मला निदान शिव्या देता आल्या असत्या. त्यांना सगळं कळलं होतं, पटलं होतं, आणि ते काही करणार नव्हते. मला अजून वाटतं की न कळणाऱ्या माणसाने केलेला अन्याय परवडतो. कळूनसवरून, चष्मा पुसून केलेला अन्याय परवडत नाही.

मूल्यमापनाच्या पानावर खाली 'मान्य' असं बटण होतं. 'अमान्य' नव्हतं. मी दाबलं नाही. मनुष्यबळ विभागाच्या सौजन्यपूर्ण आठवणी येत राहिल्या. मी दाबलं नाही. मुदत संपल्यावर पान आपोआप बंद झालं आणि त्यावर अक्षरं उमटली: मुदतीत प्रतिसाद न आल्याने मान्य समजण्यात आले आहे.

टीम लीड तो झाला. दुसरं कोण होणार? वेग होता, पट्टी कोरी होती. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो पहिल्यांदा माझ्याकडेच आला. "ताई, तुम्ही झाडलोट केली म्हणून सारं जमलं जी," तो म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला. मी पेढा घेतला. घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या नातीला भात भरवत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "मग ऑफिसात तुझ्यात आणि आमच्या मोलकरणीत फरक काय? तिच्यावर निदान कचरा टाकल्याचा आळ येत नाही." नेहमी त्यांचं बोलणं मला लागायचं. त्या दिवशी लागलं नाही. माझ्या बाजूने बोललेलं एवढं एकच वाक्य मी त्या वर्षात ऐकलं होतं.

तेव्हाच सोडायला हवी होती नोकरी. पण घराचे हप्ते होते, मुलगी लहान होती, आणि खरं म्हणजे मला वाटत होतं की कधी ना कधी हे उलगडेल. इतक्या लोकांना माहीत आहे. मॅनेजरना माहीत आहे, मजल्यावरच्या निम्म्या टेबलांना माहीत आहे. खोटं फार दिवस टिकत नाही, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण या धंद्यात माणसंच फार दिवस टिकत नाहीत, हे मी विसरले. वर्षाच्या आत माहीत असलेली टेबलं रिकामी झाली. कोणी बंगळूरला, कोणी अमेरिकेला, कोणी हिंजवडीला. मॅनेजरही बढती घेऊन दुसऱ्या इमारतीत गेले. खुर्च्यांवर नवी मुलं आली. लोणी काळभोरच्या कॉलेजातून आलेली, साताऱ्याहून, अमरावतीहून आलेली. त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त कोड होता आणि डाव्या बाजूला नाव होतं.

त्या नव्या तुकडीला शिकवायचं ठरलं. पहिला तास टीम लीडचा, कोड कसा लिहावा आणि कसा लिहू नये. दुसरा तास माझा, लॉग कसे वाचावेत. लॉग मला वाचता येतात हे एव्हाना सर्वमान्य झालं होतं, एवढे बिघाड नावावर असलेल्या बाईला आणखी काय येणार! मी थोडी आधीच गेले आणि मागच्या दारापाशी उभी राहिले.

तो छान शिकवत होता. मध्येच मुलांना हसवत होता. "आता एक मस्त नमुना दाखवतो," म्हणून त्याने कोडचा एक तुकडा पडद्यावर टाकला.

मी तो लांबूनच ओळखला. खोक्यावर पिनकोड नसेल तर काय करायचं, तो भाग. पत्त्याला 'टेंप', म्हणजे तात्पुरता, असं नाव दिलेलं, मग 'टेंप टू', मग 'टेंप फायनल', मग 'टेंप फायनल न्यू'. आणि शेवटी, काही बिघडलं तर काय करायचं त्या जागी, काहीच नाही. रिकामे कंस. बिघाड गिळून टाकायचा, लॉगमध्ये अवाक्षर नाही, खोका हवेत विरला तरी कोणाला पत्ता लागू नये अशी व्यवस्था. हे त्याने एका दुपारी डबा उघडायच्या आधी लिहून संपवलं होतं. मी शेजारीच बसले होते.

"हे पाहा," तो म्हणाला, "हे ज्याने कोणी लिहिलं, त्याला घरी पिनकोड विचारला असता तर त्याने टेंप फायनल न्यू सांगितला असता." वर्ग खदखदून हसला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, कुठेतरी एक क्षण तरी तो चरकेल. पण तो लपवत नव्हता. त्याला ओळखूच आलं नव्हतं. स्वतः लिहिलेलं त्याने कधी पुन्हा वाचलंच नव्हतं. ते काम माझ्याकडे होतं.

पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, डाव्या साइडला नाव दिसतंय."

त्याने वळून पाहिलं आणि पटकन पडदा सरकवला. आवाज एकदम मऊ झाला. "नाव नाही बघायचं. टीममध्ये कोणाची चूक काढायची नसते. एक मात्र लक्षात ठेवा. उद्या तुमचा कोड फसला की तुम्हीही म्हणाल, सर, हे मी नाही लिहिलं. सगळे असंच म्हणतात. ब्लेम खोटं बोलत नाही."

मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. "या या मॅडम," म्हणत त्याने मला पुढे बोलावलं.

मी पुढे गेले. नवीन तुकडी असली की आधी आपलं नाव सांगायची पद्धत. मी नाव सांगितलं. काही मुलांनी माना खाली घातल्या. एकाने वहीत काहीतरी लिहिण्याचं सोंग केलं. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी म्हणाले, "तो कोड मी लिहिलेला नाही."

एक क्षण कोणाला कळेना. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा वर्ग सुटला. मॅडम किती खिलाडू आहेत, स्वतःवर विनोद करतात! भिंतीशी उभा असलेला टीम लीडही हसला, अगदी निर्मळ मनाने, आणि त्याने मला अंगठा उंचावून दाखवला.

मी लॉग शिकवले. तास वेळेत संपवला. मुलं बाहेर पडली, आणि एक मुलगी मुद्दाम मागे थांबली. नोकरीला लागून तिला आठवडाही झाला नव्हता, गळ्यात कोरं करकरीत ओळखपत्र होतं. जवळ येऊन, कोणी ऐकू नये इतक्या हळू आवाजात ती म्हणाली, "मॅम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीला सगळ्यांचाच कोड तसा असतो."

मी तिला थँक्यू म्हटलं.